मानाचा कण

एका जंगलात, मुलांनो, वाघाची वीटभट्टी होती. वाघाला विटा कशाला, असं विचारू नका. राजाला असलं विचारायचं नसतं.

भट्टीचा पिवळट धूर बुटक्या धुराड्यातून सगळ्या जंगलात पसरे. शेजारीच गव्यांचा तळ. त्यांच्या मुताचा उग्र वास त्या धुरात मिसळे. आहाहा! काय ती हवा!

धुराड्याला लागूनच काटेरी साळूबाईचं बीळ होतं. तिची लेक टोकी सारखी खोकायची. खोकता खोकता डोळे पांढरे करायची.

"आई, आपण दुसरीकडे जाऊया ना," टोकी म्हणे.

"जन्म गेला गं इथे. कुठे जायचं?"

धुराड्याच्या तोंडावर एक पांढरा दगड बसवलेला होता. त्याला बारीक बारीक भोकं, आणि प्रत्येक भोकाच्या आत एक इवलीशी खोली. धूर त्यातून जाई, पण जसा आत तसाच बाहेर.

एकदा साळूबाई लोखंडाच्या तांबड्या मातीत लोळली आणि तशीच त्या दगडाला पाठ घासत बसली. खाज हो, दुसरं काय! तिचा एकेक काटा एकेका भोकात शिरला आणि प्रत्येक खोलीत लोखंडाचा एकेक कण ठेवून आला.

आणि काय आश्चर्य! धूर साफ झाला.

त्याचं असं झालं. खोलीत कण एकटाच. धूर आला, पाठोपाठ मुताचा वास आला. कणाने एक हात याला दिला, एक त्याला दिला, दोघांचं जमवून टाकलं. बाहेर पडली साधी हवा आणि थोडी वाफ. कण मात्र होता तसाच, पुढचं स्थळ बघायला मोकळा.

टोकी त्या दिवशी पोटभर जेवली आणि घोरत झोपली. साळूबाई तिच्याकडे बघून रडली.

बातमी दरबारात गेली. वाघाचा मंत्री तरसोजी धावत आला. "महाराज, एकेका कणाने एवढं होतंय! पण पहिला कण तुमचा नको? मानाचा?"

वाघाने मानाचा कण ठेवला. मग तरसोजीने ठेवला. मग गवे बिघडले. "मूत आमचं, आणि मान तुमचा?" त्यांनी मूठभर ठेवले. रानडुकरांनी वाजतगाजत टोपली आणली. खोल खोलीत कण ठेवला तर दिसणार कुणाला? म्हणून सगळ्यांनी दाराशीच ठेवले.

दाराशी कणांचा गोळा झाला. एकमेकांना चिकटून गंजला. आतल्या बिचाऱ्या एकट्या कणापर्यंत कुणी पोचेना. आणि हा गोळा भलताच आगाऊ! वास धुराला भेटायच्या आधीच हा त्याला जाळी, आणि त्याचाच धूर करी. म्हणजे भट्टीचा धूर होताच, त्यात आता मुताचाही धूर.

टोकी पुन्हा खोकायला लागली. या वेळी खोकल्यातून रक्त आलं.

साळूबाई तडक दरबारात गेली. "महाराज, दारातला ढीग काढा. माझी पोर मरेल हो!"

"काढू की," वाघ खोकत म्हणाला. "आधी गव्यांनी काढावा."

"आम्ही? आधी डुकरांनी!" गवे म्हणाले.

"आमचा मान काढायचा? हात लावून बघा!" डुकरं गुरगुरली.

तरसोजीने घसा खाकरला. "दोष कणांचा नाहीच मुळी. भोकंच लहान आहेत. फोडून मोठी करू."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पहार आली. दगडाच्या खोल्या फुटल्या, आतले कण चुऱ्यात मिसळले. दगडाचं पीठ झालं.

साळूबाईने काटे मिटले, टोकीला पाठीवर घेतलं आणि नदीची वाट धरली. डोळ्यांतलं पाणी धुरामुळे होतं की कशामुळे, ते तिलाच ठाऊक.

ती काठाशी पोचली तेव्हा मागून, दाट धुरातून, वाघाची हाक आली.

"अगं साळूबाई, खॉक, खॉक, चाललीस कुठे? उद्या तुझा सत्कार आहे!"

तात्पर्य: बाळांनो, खोलीत एकटं बसून काम करणाऱ्याचा फोटो येत नाही. म्हणून आत कधी शिरू नका. दारात घोळका करून उभे राहा आणि गंजा. धूर झालाच, तर भोक लहान होतं म्हणून सांगा.