उत्तर, उत्तरं आणि एक टिंब

अकरा वर्षांपूर्वी आलेल्या एका पत्राला तळटीप सरांनी अजून उत्तर दिलं नव्हतं.

पत्र लहानसंच होतं, एका जुन्या विद्यार्थिनीचं. ‘काही शिक्षक विसराळू असतात, यावरून काही शिक्षक विसराळू नसतात असं सिद्ध होतं का?’ असा प्रश्न सरांनी तिच्या परीक्षेत घातला होता. तिने लिहिलं होतं, ‘सिद्ध होत नाही. कदाचित सगळेच असतील.’ सरांनी त्यावर लाल फुली मारली होती. आता ती स्वतः तर्कशास्त्र शिकवत होती. ‘हे उदाहरण फळ्यावर लिहिताना दर वर्षी माझा हात अडखळतो,’ तिने कळवलं होतं. ‘सर, माझं उत्तर चुकलं होतं का?’

चुकलं नव्हतं. फुली चुकली होती. एवढं सांगायला एक ओळ पुरली असती, पण किती वाजले हे सांगतानाही ‘घड्याळ दोन मिनिटं पुढे असू शकेल’ अशी पुस्ती जोडणारा माणूस एका ओळीत काय सांगणार? मुलांनी त्यांना तळटीप सर हे नाव उगाच ठेवलं नव्हतं. दर सुट्टीत सर उत्तर लिहायला बसत आणि चौथ्या पानावर कागद फाडत.

“अहो, त्यापेक्षा कंप्युटरवर लिहा,” एकदा बायको म्हणाली. “निदान झाडूला तरी सुट्टी मिळेल.”

सरांनी ऐकलं. त्या फाइलला नाव दिलं ‘उत्तर’.

निवृत्तीनंतरही सर आठवड्याला चार तास शिकवायला जात. यंदा कॉलेजने शिकवण्याची नवी डिजिटल साधनं आणली आणि ती सगळ्यांच्या गळी उतरवायचं काम एका तरुण प्राध्यापिकेकडे आलं. दर वाक्यात ‘ही एक सोय आहे’ म्हणायची त्यांना सवय, म्हणून त्यांचं नाव पडलं सोयीच्या मॅडम.

“सर, मुलं मोबाइलवर चाचणी देणार. तुम्ही फक्त आदर्श उत्तरांची फाइल चढवायची. यंत्र ताडून बघतं, गुण देतं, आदर्श उत्तर मुलांना पाठवतं. तुम्ही नुसतं बसायचं.”

“बसल्या बसल्या काही वाचायला मिळेल का?”

“सर!”

चाचणीच्या आदर्श उत्तरांची फाइल सरांनी चोख तयार केली आणि तिला नाव दिलं ‘उत्तरं’. पडद्यावर दोन्ही फाइली शेजारी शेजारी होत्या. मध्ये फरक एका टिंबाचा. सरांच्या चष्म्याला पडद्यावरचं टिंब आणि पडद्यावरची धूळ सारखीच दिसे. त्यांनी धूळ पुसली आणि फाइल चढवली.

अकराला चाचणी सुरू झाली, साडेअकराला संपली. एकसष्ट मुलांपैकी साठ जणांना शून्य.

एकाला मात्र दहापैकी सात पडले. त्याने प्रत्येक प्रश्नाखाली लिहिलं होतं, ‘क्षमा करा सर, फार उशीर झाला.’ यंत्राच्या मते हे आदर्श उत्तराच्या बरंच जवळ होतं.

“सर, तुम्ही काय चढवलंत?” सोयीच्या मॅडम धावत आल्या. पडदा बघून त्यांनी कपाळाला हात लावला. “घाबरू नका. ‘मागे घ्या’ असं बटण आहे. दहा मिनिटं चालतं. ही एक सोय आहे. दाबा तुम्ही, मी बाहेर मुलांना थोपवते.”

सरांनी बटण दाबलं. यंत्राने विचारलं, ‘नक्की?’

हा प्रश्न सरांना विचारायला नको होता. नक्की म्हणजे काय, फाइल मागे घेतली तर मुलांची उत्तरंही मागे जातील का, आणि गेली तर तो त्यांच्यावर दुसरा अन्याय नव्हे का? विचार रंगात आला असताना दहा मिनिटं संपली आणि यंत्राने सरांचं ते अर्धवट पत्र, तळटिपांसकट, एकसष्ट मोबाइलवर पाठवून दिलं. कॉलेजच्या नियमाप्रमाणे एक प्रत प्राचार्यांनाही गेली.

पाच मिनिटांत बोलावणं आलं.

“‘तुझं पत्र अकरा वर्षं शब्दकोशात जपून ठेवलं आहे,’” प्राचार्य चष्म्यावरून बघत वाचू लागले. “‘एक दिवस असा गेला नाही की...’ सर, हा तर्कशास्त्राचा कितवा धडा?”

“पुढे वाचा ना, खाली तळटीप आहे...” सरांचे कान लाल झाले.

“तळटिपा अकरा आहेत. चार वाजता शून्यांचा निकाल बोर्डावर लागायचा आहे. त्याआधी मुलांच्या तक्रारींना उत्तरं द्या. तुम्ही स्वतः.”

सर वर्गात येऊन यंत्रासमोर बसले. तक्रारींच्या जागी मुलांनी सरांचं पत्र तपासून ठेवलं होतं.

‘प्रस्तावना लांबली. चार गुण.’

‘मुद्दा तिसऱ्या पानावर येतो आणि लाजून परत जातो.’

‘सर, त्या मॅडम अजून वाट बघत असतील हो. एका ओळीत लिहा की!’

‘माझे सात गुण कृपया कापू नयेत.’

सगळ्यांत खाली शेवटच्या बाकावरच्या, वर्षभर तोंड न उघडलेल्या मुलीने लिहिलं होतं. चौथ्या प्रश्नात सरांनी तेच विसराळू शिक्षक पुन्हा घातले होते. ‘सिद्ध होत नाही असं मी लिहिलं. शून्य मिळालं. सर, माझं उत्तर चुकलं का?’

सरांनी ते परत वाचलं. तेच वाक्य. फक्त ‘होतं’ नव्हतं. समोर ती मुलगी मान खाली घालून बसली होती आणि आपल्याच वहीत बरोबर उत्तरावर बारीक काट मारत होती.

शंकेला जाग यायच्या आत सरांच्या बोटांनी लिहिलं, ‘तुझं उत्तर बरोबर आहे. चूक माझी.’ आणि ‘पाठवा’ दाबलं. यंत्राने विचारलं, ‘नक्की?’

“नक्की!” सर एवढ्या जोरात म्हणाले की फळ्यापाशी उभ्या असलेल्या सोयीच्या मॅडमच्या हातून खडू पडला.

टिंब असलेली फाइल चढली. साडेतीनला गुण सुधारले. सातवाल्याला शून्य मिळालं आणि त्याने ते खिलाडूपणे घेतलं. घरी आल्यावर सरांनी कपडेही न बदलता एक कागद घेतला आणि दोन वाक्यं लिहिली.

बायकोने वाचलं. “एवढंच?”

“एवढंच.”

“याला अकरा वर्षं?”

“सात महिने कमी. म्हणजे, पोस्टाचा शिक्का नीट...”

“जा आधी!”

सर कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी गेले. पाकीट आत पडल्याचा आवाज आला आणि लगेच त्यांच्या मनात आलं की ‘चूक माझी’पाशी एक तळटीप हवी होती. त्यांनी पेटीला वरून, खालून, मागून न्याहाळलं. ‘मागे घ्या’ कुठेच नव्हतं.

“ही मात्र खरी सोय,” ते पेटीला म्हणाले, आणि घाईघाईने घराकडे वळले.