एक्केचाळीस दातांचा गिअर

जावई म्हटलं की सासुरवाडीत मान आपोआप मिळतो. पण सासरा मनमाडच्या रेल्वे वर्कशॉपमधून टर्नर म्हणून रिटायर झालेला असेल, तर मान मिळतो आणि किंमत मिळत नाही. सोमनाथचं हेच दुखणं होतं. लग्नाला सोळा वर्षं झाली, पण सावळीराममामा त्याच्याशी पाऊस, कांदा आणि गुडघे याखेरीज चौथ्या विषयावर बोलले नव्हते. हातानं काम करणारा माणूस सोडून जगात बाकीचे सगळे पाहुणे आहेत असं मामांचं मत होतं, आणि सोमनाथ तर सरकारी कचेरीत आवक-जावक बघत होता. (त्यातही आवक जास्त, जावक कमी.)

म्हणून त्यानं, मामा वर्कशॉपमध्ये चालवत तसलं, एक छोटं लेथ मशीन मागवलं. पंचवटीतल्या त्याच्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत, वॉशिंग मशीन आणि तुळशीच्या मधे ते बसवलं. "यात कणीक मळता येते का?" एवढंच त्याच्या बायकोनं, उज्वलानं विचारलं. तिसऱ्या दिवशी सोमनाथनं भलताच खटका ओढला, खर्रर्र आवाज झाला आणि आतल्या प्लास्टिकच्या गिअरचे दात फरशीवर सांडले.

शहाण्या माणसानं नवा गिअर मागवला असता. सोमनाथनं मनमाडला फोन लावला.

"मामा, हे प्लास्टिकचे गिअर म्हणजे खेळणी हो. मी आता धातूचा बनवतोय. स्वतः."



"रविवारी येतो बघायला," मामा म्हणाले. फोनवर सोळा वर्षांत ते पहिल्यांदाच आपणहून येतो म्हणाले होते, त्यामुळे सोमनाथला आनंद झाला आणि लगेच घामही फुटला.

भंगारवाल्याकडून त्यानं अ‍ॅल्युमिनियमची जाड चकती आणली. आता तिच्या कडेवर जुन्या गिअरसारखेच चाळीस दात पाडायचे होते, सगळे सारख्या अंतरावर. मोबाइलवरच्या एका व्हिडिओत युक्ती दाखवली होती. चकतीच्या घेराएवढी कागदाची पट्टी कापायची, ती रेघांच्या कागदावर तिरकी अशी ठेवायची की दोन टोकांच्या मधे बरोबर चाळीस घरं पडतील, जिथे रेघ लागेल तिथे खूण करायची आणि पट्टी चकतीभोवती चिकटवायची. कागद कचेरीतल्या जुन्या रजिस्टरचा मिळाला. पण नव्या चष्म्यातून सोमनाथला रेघा नाचताना दिसत. तेव्हा त्यानं ते काम आईवर सोपवलं. मैनाबाई सिन्नरकडच्या. उभा जन्म कांद्याची रोपं ओळीत लावण्यात गेलेला, नजर अजून पक्की.

"आई, चाळीस घरं मोज अन् खुणा कर."

"करते की. त्यात काय एवढं?"

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी सोमनाथला रविवारपर्यंत कळली नाही. मैनाबाईंनी आयुष्यात कुणाच्या हातावर शून्याचा आकडा ठेवला नव्हता. आहेर करायचा तो एक्कावन्नाचा, नाहीतर एकशे एकाचा. शून्यावर थांबलं की तिथेच खुंटलं, वर एक टाकला की वाढत राहतं. लेकाचं पहिलंवहिलं काम, त्याला कोरे चाळीस कसे द्यायचे? त्यांनी पट्टीचा तिरकेपणा जरा कमी केला, वर एक घर घेतलं आणि एक्केचाळीस खुणा केल्या. बोलल्या मात्र नाहीत. भाजीत मीठ घातलं हे कुणी सांगत बसतं का?

सोमनाथनं खुणा मोजल्या नाहीत. खालच्या टेबलानं तपासलेला कागद वरचं टेबल पुन्हा तपासत नाही, ही वीस वर्षांची सवय.

मग कचेरीतून आल्यावर रोज कानस सुरू झाली. चकती पकडायला जेवणाच्या टेबलालाच त्यानं शिकंजा लावला. तिसऱ्या दिवशी उज्वला वाढताना म्हणाली, "आज वरणाला चांदीचा वर्ख आहे, सावकाश जेवा." शनिवारी गिअर बसला. मशीन सुरू केलं तर चक्क फिरलं! सोमनाथनं ते दहा वेळा बंद करून अकरा वेळा सुरू केलं.

रविवारी मामा आले. चपला काढल्या आणि चहा नंतर म्हणून सरळ गॅलरीत गेले. डोळे मिटून मशीनचा आवाज ऐकला.

"आवाज बरा हाय."

सोमनाथला भरून आलं. त्यानं तोंड वॉशिंग मशीनकडे वळवलं.

मग मामांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. त्यात एक पितळी नट होता, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेला. "शिकाऊ होतो तवा केलेला. सायबानं पाठ थोपटली व्हती. याला बोल्ट करून दावा, पाव्हणं."

दीड तास सोमनाथ आटे पाडत होता. बोल्ट देखणा झाला. त्यानं नट लावला. नट दोन फेरे सुरेख फिरला आणि अडला. इथे हात आवरायला हवा होता, पण "नवीन आहे, जरा घट्ट असणारच" असं म्हणत त्यानं पाना लावला आणि अंगातलं सगळं बळ काढलं. कर्रकन आवाज झाला. त्यानंतर तो नट पुढेही जाईना आणि मागेही येईना.

मामांनी गिअर उतरवला, दातांवरून नख फिरवत एक चक्कर घेतली, मग आणखी एक घेतली.

"दात किती पाहिजे व्हते?"

"चाळीस."

"एक्केचाळीस हायेत. म्हणून आट्यांचं अंतर चुकलं."

"मंग?" आतून लसूण सोलता सोलता मैनाबाई म्हणाल्या. "वर एक नको?"

सोमनाथला गॅलरीतून खाली नदीकाठी निघून जावंसं वाटलं. मामा मात्र गिअर घेऊन उंबऱ्यापर्यंत गेले.

"विहीणबाई, ह्या खुणा तुमी केल्या?"

"रेघांवर पट्टी ठिवली अन् केल्या. चुकलं का काही?"

"चुकलं? चाळीस कुणीबी पाडंल. एक्केचाळीसला आमच्याकडं खुणांची येगळी प्लेट लावाया लागायची, तरी सायेब दोनदा तपासायचा. तुमचं एक घर इकडं-तिकडं नाय." मामांनी दोन्ही हात जोडले. "तुमी रेल्वेत पाहिजे व्हत्या."

मैनाबाईंनी पदर सारखा केला. मामा खुशीत येऊन म्हणाले, "फुडल्या रविवारी परत येतो. विहीणबाई खुणा करतील, मी कानस मारतो. नीट गिअर करू."

"आणि मी, मामा?" सोमनाथनं विचारलं.

मामांनी खरोखरच विचार केला. कुणाला तोंडदेखलं बोलायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

"तुमी जावई माणूस," ते शेवटी म्हणाले. "उज्वला, पाव्हण्यांना खुर्ची दे. अन् जरा लांब ठेव."