अर्धं डोकं आणि अख्खा मोहल्ला

माणसाचं डोकं ही ज्याच्या त्याच्या मालकीची वस्तू आहे, असा एक गैरसमज वैद्यकशास्त्रात अजून टिकून आहे. रेशमाच्या मार्गिलान शहरातल्या आमच्या मोहल्ल्यात तो कधीच दूर झाला. इथे सुनेचं डोकं दुखू लागलं की ती सार्वजनिक बाब ठरते, आणि तेच न्यायाचं आहे. ज्या डोक्याने सगळ्यांना वाकून सलाम करायचा, त्याची चौकशी सगळ्यांनी नको करायला?

ओयदिन ही रेशीम विणणाऱ्या उस्ताद तुर्सुनांची सून. लग्नाला वर्ष झालेलं. रुखवतासोबत तिने माहेरून अर्धशिशीही आणली होती, पण ती मांडून दाखवण्यासारखी नसल्याने कोणाच्या लक्षात आली नव्हती.

अर्धशिशी ओळखायची कशी, याचं पुस्तकी उत्तर सोपं आहे. आधी डोळ्यांपुढे नागमोडी, चकाकत्या रेघा येतात. मग अर्धं डोकं ठणकतं, पोटात ढवळतं आणि उजेड, आवाज, वास यांतलं काहीच सोसत नाही. हे लिहिणारे विद्वान मार्गिलानला आलेले दिसत नाहीत. इथल्या बायका अतलस रेशमाचे झगे घालतात, आणि अतलसवर नागमोडी, चकाकत्या रेघांखेरीज दुसरं काही नसतं. त्यामुळे ओयदिनला स्वतःची चाचणी बसवावी लागली. डोळे मिटायचे. रेघा गेल्या तर शेजारच्या रोबिया खाला. राहिल्या तर अर्धशिशी. (पुढचा त्रास दोन्ही वेळी सारखाच होई, पण शास्त्र ते शास्त्र.)

त्या दिवशी अंगण झाडताना तिने डोळे मिटले, आणि रेघा राहिल्या.

"आई," ती सासूला म्हणाली, "दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय तसं करू का? गोळी घेऊन दोन तास अंधारात पडते. नुसती शांतता हवी."

सासू होजार दुष्ट नव्हती, हे इथे खेदाने नमूद करावं लागतं. दुष्ट सासूने सुनेकडे ढुंकूनही पाहिलं नसतं आणि पोरीचं कल्याण झालं असतं. होजारच्या मात्र डोळ्यांत पाणी आलं. "अगं लेकरा, बोलली नाहीस ती! गोळी घे आणि पड जा. एक जण आवाज करणार नाही, बघतेच मी!" असं म्हणून ती गल्लीतल्या प्रत्येक दाराची लोखंडी कडी दणादणा वाजवून शांतता राखण्याचं आवाहन करून आली.

आता, आजारपण कानावर आल्यावर भेटायला न जाणं हा आमच्याकडे गुन्हा आहे. शिक्षा कुठे लिहिलेली नाही, पण गुन्हेगाराच्या घरच्या पुढच्या लग्नात पुलावाच्या कढया भरलेल्याच राहतात. जायचं तर रिकाम्या हाती जाऊन चालत नाही. दोन नान आणि किमान एक उपाय न्यावा लागतो. पाहुणे आले की चहा घरातल्या सुनेने ओतायचा. आजारी तीच असेल तर काय करायचं, याबाबत प्रथा मौन बाळगते.

चहा ओतण्याचंही शास्त्र आहे. प्याला तळाशी जेमतेम ओला करायचा. चहा जितका कमी तितका मान जास्त. संपला की पुन्हा घोटभर, पुन्हा घोटभर. काठोकाठ भरलेला प्याला म्हणजे "हा प्या आणि निघा". आमच्या मोहल्ल्यात असा प्याला कोणी कोणाला दिल्याचं जाणत्यांनाही आठवत नाही.

गोळी तोंडात ठेवते न ठेवते तोच गल्लीतल्या बायका जमल्या आणि ओयदिनला हाक आली. ती चहा ओतू लागली आणि उपाययोजना सुरू झाली. वास सोसत नाही, म्हणून नजर उतरवायला वाळल्या झुडपाचा धूर करण्यात आला. उजेड सोसत नाही, म्हणून चेहरा नीट पाहण्यासाठी खिडक्या उघडण्यात आल्या. ठणकणाऱ्या बाजूला बटाट्याच्या चकत्या बांधल्या, त्यावर मेंढीच्या शेपटीची चरबी. दुखणं उष्ण प्रकृतीचं की थंड, यावर मतदान होऊन समसमान मतं पडली. सबब हिरवा आणि काळा असे दोन्ही चहा करण्याचं ठरलं. (केले अर्थातच ओयदिनने.)

शाराफत खालांनी रक्तदाबाचं यंत्र आणलं होतं. जमलेल्या यच्चयावत बायकांचा दाब वाढलेला निघाला, एकट्या ओयदिनचा बरोबर. "बघा, सगळ्यांत ठणठणीत हीच!" शाराफत खाला म्हणाल्या. "ओत गं पोरी, घसा कोरडा पडला."

सासरे उस्ताद तुर्सुन दारात येऊन हळूच म्हणाले, "सूनबाई, त्या रेघा दिसतात म्हणे तुला. पिवळ्यात निळ्या की निळ्यात पिवळ्या? जरा डोळे मिटून नीट बघून सांग. मागावर नवं कापड लावायचंय."

ओयदिनला रडावंसं वाटत होतं, पण रडलं की ठणका वाढतो. तिला या क्षणी स्वर्ग नको होता. आतल्या खोलीतला अंधार हवा होता, तोही दोन तासच. एव्हाना तिला निम्मंच दिसत होतं. रोबिया खालांचा प्याला तिच्या नजरेच्या नसलेल्या बाजूला होता. ती चहा दिसेपर्यंत ओतत राहिली, आणि चहा दिसला तो काठावर.

धूरसुद्धा थांबल्यासारखा झाला. रोबिया खालांनी प्याल्याकडे पाहिलं. मग दाराकडे.

"हे काय गं?" होजार पुटपुटली.

पहिला प्याला चुकून भरला होता. दुसरा ओयदिनने भरला तो चुकून नव्हे. तिसरा तर तिने दोन्ही हातांनी, अदबीने मान लववून भरला.

बायका उठल्या. जोडे घालून अंगणात उतरल्या. होजार भिंतीला टेकून म्हणाली, "आता मी तोंड कुठे दाखवू?" पण अंगणातून रोबिया खाला मागे वळल्या. "हिला काय बोलतेस होजार? सून असून प्याला भरला पोरीने! किती दुखत असेल गं!" अशा रीतीने अर्धशिशीचं पहिलं खात्रीलायक लक्षण आमच्या मोहल्ल्याने शोधून काढलं.

ओयदिन आतल्या खोलीत अंधारात झोपली आणि उठली तेव्हा डोकं धुतल्यासारखं हलकं होतं. श्रेय बटाट्याला की चरबीला, यावर गल्लीत दोन तट पडले ते अजून आहेत. आणि पोरीने प्याला भरला ही बातमी पलीकडच्या मोहल्ल्यात पोचल्यामुळे तिथलेही लोक आता भेटायला निघालेत.

तुम्हीही काही गप्प राहून वाचत नव्हतात. सुंठ उगाळून लावली का हिने, नाकात साजूक तूप सोडलं का, सूर्योदयाआधी दूध-जिलेबी खाऊन बघायला काय हरकत होती, हे सगळं तुमच्या मनात कधीच येऊन गेलंय. या ना मग. जोडे दाराशी काढा. ओयदिनने तुमचाही प्याला ओतून ठेवलाय, काठोकाठ.