पॉलिशवाले सोपानभाऊ

सोपानभाऊ कुणाच्याही घरात शिरले की आधी भिंतीला गाल लावतात. नमस्कार, पाणी, "कसं काय, बरं हाय ना?" हे सगळं नंतर. आमच्या तळेगावच्या फ्लॅटवर ते पहिल्यांदा आले तेव्हा मी दार उघडलं, तर ते मला ओलांडून सरळ हॉलमध्ये गेले, टोपी काढली आणि उत्तरेकडच्या भिंतीला डावा गाल टेकवून डोळे मिटून उभे राहिले. माझ्या नवऱ्याला वाटलं, म्हातारबाबांना चक्कर आली. तो पाणी आणायला धावला.

"कोरडी हाय," भाऊ डोळे न उघडता म्हणाले. "हाताला ओल कळत न्हाई, बाई. हात निबार झाल्यात. गालाला बराबर कळती."

मग त्यांनी बाकीच्या भिंती तपासल्या. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीशी ते जरा जास्त वेळ थांबले आणि पोलिसाने पंचनामा करावा तसे म्हणाले, "हितं ठिवायचं न्हाई."

घर व्हायोलिन ठेवण्याच्या लायकीचं आहे की नाही, हे बघायला ते परंदवडीहून स्कूटरवर आले होते. त्याशिवाय ते कुणाचंही काम हातात घेत नाहीत. "मी मरमर करून नीट करायचं आन तुमी पुन्यांदा ओलीत टाकायचं, मंग काय उपेग?" असा त्यांचा रोकडा सवाल असतो.

सोपानभाऊंचं वय बहात्तर. घरची शेती भावांनी बघितली आणि हे कारखान्यात पॅटर्न शॉपला लागले. ओतकामासाठी लाकडाचे साचे बनवायचे, असं ते खातं. तिथे लाकडाशी मैत्री झाली. सुट्टीच्या दिवशी लोणावळ्याच्या बंगल्यांमधल्या फर्निचरला पॉलिश करायला जायचे. तिथे एका म्हाताऱ्या बाईंनी कपाटाबरोबर एक मोडकं व्हायोलिनही पुढे केलं. ते त्यांनी नीट केलं, आणि मग चाळीस वर्षं तेच केलं. आता मुंबईपासून कोल्हापूरपर्यंतची जुनी व्हायोलिनं त्यांच्या पूर्वीच्या गोठ्यात येतात. गोठ्यातली म्हैस त्यासाठी पत्र्याच्या शेडमध्ये हलवली गेली, याचा राग हिरामावशींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, अजून आहे.

हिरामावशींचा दुसरा राग वासाचा. लाखेचं पॉलिश स्पिरिटमध्ये विरघळवतात. त्यामुळे भाऊ सकाळी दहाला बाहेर पडले तरी त्यांच्या अंगाला जो वास येतो त्यावरून अर्ध्या गावाची खात्री आहे की हा माणूस पितो. "पेला आसता तर बरं झालं आसतं," मावशी म्हणतात. "घटकाभर झोपला तरी आसता. ह्यो दिसभर घासतोय."

घासतो हा शब्द भाऊंना आवडत नाही. कापसाचा बोळा जुन्या धोतराच्या मऊ फडक्यात बांधायचा, त्याला लाख पाजायची, वर तेलाचा एक थेंब, आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारखा हात फिरवत राहायचा. मध्ये थांबलं की बोळा चिकटतो आणि झालेलं काम बिघडतं. एका वेळी चढतो तो थर डोळ्याला दिसतही नाही. असे शंभर-दोनशे थर. कुणी विचारलं, कधी होईल, तर भाऊंचं ठरलेलं उत्तर, "घाई हाय का? मंग रंगवाल्याकडं जा. डबा घ्या, ब्रश घ्या, मारा कलर."

मला घाई होती.

व्हायोलिन माझ्या वडिलांचं. नाना लोणावळ्यात रेल्वेत होते. ड्यूटीवरून आले की चहाच्या आधी पेटी उघडायचे. शाळेचं संमेलन असो, कुणाचं बारसं असो, नाना आणि त्यांचं व्हायोलिन हजर. मागच्या उन्हाळ्यात त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. मी त्यांना तळेगावला घेऊन आले आणि लोणावळ्याचं घर चार महिने बंद राहिलं, तेही ऐन पावसाळ्यात. गणपतीत कुलूप उघडलं तर पेटीला हिरवी बुरशी. आत व्हायोलिनचा सरस सुटून शिवण उघडली होती, कडेच्या लाकडाची एक चीप निघाली होती आणि पॉलिश पांढरं पडलं होतं, पाण्याचा पेला ठेवलेल्या टेबलासारखं.

नानांना दाखवायला नको होतं. मी दाखवलं. त्यांनी डाव्या हाताने ते एकदा चाचपलं आणि भिंतीकडे तोंड केलं. त्या दिवसापासून व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या ताईंना ते हात लावू देईनात. जेवण चार घास. "त्यांना काहीतरी हवंसं वाटायला पाहिजे," ताई मला जिन्यात म्हणाल्या. "नाहीतर हात तसाच राहील, आणि माणूसही."

म्हणून सोपानभाऊ. भिंती पास झाल्यावर ते नानांच्या खोलीत गेले. नानांनी वळून बघितलं नाही. भाऊंनी व्हायोलिन उचललं, हनुवटी टेकून टेकून झिजलेल्या जागेवर बोट ठेवलं आणि नानांच्या पाठीला सांगितलं, "नाना, ह्या जागंला मी हात लावनार न्हाई. ही तुमची. बाकीचं माझ्याकडं लागलं." मग मला म्हणाले, "दिवाळीला देतो."

दिवाळी गेली. "हवेत गारवा हाय बाई, लाख बसंना." संक्रांत गेली. "नवी चीप बसवली, रंग मुरतोय." फोन केला की रोज नवं कारण. कधी कधी मावशीच फोन उचलून सांगायच्या, "बांधावर बसल्यात. व्हायोलिन घेऊन बसल्यात. येनाराजानाराला धरत्यात."

हे धरणं मी ऐकलं होतं. दूधवाला येवो, वायरमन येवो, भाऊ त्याच्यासमोर व्हायोलिन धरून विचारायचे, "वळखा बगू, नवी जागा कुटली?" गावात त्याची थट्टा चालायची. म्हाताऱ्याला आपल्या कामाचा गर्व झालाय, असं लोक म्हणायचे. मलाही तसंच वाटलं आणि माझं डोकं फिरलं. माझा बाप भिंतीकडे तोंड करून पडलाय आणि हे प्रदर्शन भरवून बसलेत.

एका गुरुवारी शाळेतला शेवटचा तास शिकवून मी तडक निघाले. गुरुवार असल्यामुळे शिरगावच्या साईबाबांच्या देवळापाशी गाड्यांची रांग. त्या रांगेत उभं राहून मी सगळं भांडण पाठ केलं. गेले तर भाऊ बांधावर उन्हात बसलेले, मांडीवर नानांचं व्हायोलिन.

"भाऊ, जसं असेल तसं द्या," मी म्हटलं. "मला नको तुमचं पॉलिश."

त्यांनी व्हायोलिन माझ्यासमोर धरलं. "वळखा बगू, बाई. नवी जागा कुटली?"

मला ओळखायची गरजच नव्हती. पिकल्या, मधासारख्या तपकिरी लाकडावर कडेची ती चीप विटेसारखी लाल उठून दिसत होती. आंधळ्यालाही कळली असती, असं मी म्हणणार होते. पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. मी नुसतं बोट ठेवलं.

"बराबर," भाऊ हळूच म्हणाले. "दूधवाल्यानं पन तितंच ठिवलं. वायरमननं पन." त्यांनी व्हायोलिन फडक्यात गुंडाळलं. "तीनदा उतरवून पुन्यांदा केलं, बाई. दर वक्ताला मला सारखंच दिसतं. मला काय बी फरक दिसत न्हाई."

मी त्यांच्या शेजारी बांधावर बसले. पाठ केलेलं भांडण कुठे गेलं कळलं नाही.

"कधीपासून?"

"वरीस झालं आसंल. आदी वाटलं, धुकं हाय."

"मावशींना सांगितलंत?"

"न्हाई. कुनालाच न्हाई." मग म्हणाले, "माझ्या चुलत्याचं डोळ्याचं आपरेशन झालतं. उरलासुरला डोळा बी गेला. डाक्टर म्हनला, संपलं, तर मी काय करू? दुसरं मला येतंय काय?"

येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत होते ते गर्वाने नव्हे. दुसऱ्यांच्या डोळ्यांनी बघत होते.

मी त्यांना तिथल्या तिथे गाडीत घातलं. मावशी पदर खोचत मागून आल्या, म्हणाल्या, "मी बी येनार. ह्यो मानूस वाटंत उतरून पळंल." तळेगावातल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी यंत्रातून बघितलं, पुन्हा बघितलं. त्या पाच मिनिटांत भाऊंनी खुर्चीच्या हाताला इतकं घट्ट धरलं होतं की बोटं पांढरी पडली.

"मोतीबिंदू आहे, आजोबा. दोन्ही डोळ्यांत. चांगलाच पिकलाय. पिवळ्या काचेतून बघताय तुम्ही."

"मंजी संपलं?"

"संपलं कशाने? काढू की. मागचा पडदा ठणठणीत आहे."

"तपकिरीतला लाल येगळा दिसंल का?"

डॉक्टरीणबाईंना असा पेशंट आधी मिळाला नसावा. "लाल, निळं, सगळं दिसेल," त्या हसून म्हणाल्या. भाऊंनी खुर्चीचा हात सोडला. मावशींनी तोंडाला पदर लावला आणि रडता रडता त्यांना दोन शिव्या दिल्या. वर्षभर सांगितलं नाही याच्या.

पहिला डोळा झाला. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा आम्ही दोघी समोर उभ्या. भाऊंनी उघडझाप केली, मान पुढे काढली आणि डॉक्टरीणबाईंच्या टेबलाकडे बघून पहिलं वाक्य बोलले, "हे लाकूड न्हाई. सनमायका हाय."

मग मावशींकडे वळले. "आन ही साडी निळी हाय व्हय गं? मी करडी समजत हुतो."

"गेल्या पाडव्याला घेतलीय," मावशी म्हणाल्या. "तरीच म्हनलं, कसा गप बसला."

मला इतकं हलकं वाटलं की दवाखान्यातच बाकावर बसून मी मोठ्याने हसले. कंपाउंडर बाहेर येऊन बघून गेला.

दुसरा डोळा पंधरा दिवसांनी झाला. डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिल्यावर भाऊंनी चिपेवरचा रंग चौथ्यांदा उतरवला. या वेळी मी एकदाही फोन केला नाही. एका रविवारी मात्र बघायला गेले. गोठ्याच्या दारात उजेडाला बसून ते हात फिरवत होते. खांदा हलत नव्हता, फक्त मनगट. लाकडाच्या आतून हळूहळू ऊब वर यावी तसा रंग येत होता. बोलणं बंद. दीड तासाने त्यांनी बोळा ठेवला, व्हायोलिन उजेडात तिरकं धरलं आणि नुसते "हं" म्हणाले. चीप कुठे होती ते मी शोधत राहिले.

होळीच्या आदल्या दिवशी ते व्हायोलिन घेऊन आले. नव्या तारा, गजाला नवे केस, गजाला लावायची राळसुद्धा आणलेली. मी नानांना खुर्चीत बसवलं. भाऊंनी पेटी उघडून त्यांच्या मांडीवर ठेवली. नानांनी बघितलं, बराच वेळ बघितलं. मग डाव्या हाताने व्हायोलिन उचलून खांद्यावर घेतलं. भाऊंनी खालून आधार दिला. नानांनी एकेक खुंटी पिळत, अंगठ्याने छेडत, चारही तारा सुरात लावल्या. पाऊण तास गेला असेल. त्यांची बोटं तारांवर अजून जाग्यावर पडत होती.

आणि मग सगळं थांबलं. गज पेटीत होता. उजवा हात मांडीवर होता, जसा दहा महिने होता तसा.

मी कशी मूर्ख! व्हायोलिन नीट व्हावं म्हणून मी जिवाचं रान केलं, आणि ते वाजवणार कसे हे एकदाही मनात आणलं नाही. नानांची मान खाली गेली. आता पुन्हा ते भिंतीकडे तोंड करणार, असं वाटून मी घाईने बोलून गेले, "भाऊ, तुम्ही वाजवा ना जरा. नाना ऐकतील."

भाऊ गडबडले. "मला कुटं येतंय?"

"म्हणजे?"

"न्हाई येत. कदी वाजवलंच न्हाई." ते पायाकडे बघत होते. "त्या बंगल्यातल्या बाईंनी पयल्याच दिशी सांगितलंतं, पुसायचं, पन गजाला हात लावायचा न्हाई. म्या न्हाई लावला. नंतर बी कुनी म्हनलं न्हाई, लाव म्हनून. लोकं व्हायोलिन घेत्यात, आपल्या घरी जाऊन वाजवत्यात. मला वाजलेलं ऐकाया बी मिळत न्हाई, बाई."

चाळीस वर्षं.

नानांनी मात्र मान वर केली होती. व्हायोलिन मांडीवर टेकवून त्यांनी डाव्या हाताने पेटीतला गज उचलला आणि भाऊंच्या पुढे धरला. भाऊ मागे सरकले. नानांनी गज तसाच धरून ठेवला. शेवटी भाऊंनी दोन्ही तळवे धोतराला पुसले, दोनदा पुसले, आणि नानांच्या उजव्या बाजूला पलंगाच्या कडेवर टेकले. तिथे औषधांचं स्टूल आडवं येत होतं, त्यामुळे त्यांना अर्धवट वाकडं बसावं लागलं.

नानांनी व्हायोलिन पुन्हा खांद्यावर घेतलं, मी खालून आधार दिला. पहिल्यांदा गज तारेवर आला तेव्हा निघालेला आवाज सांगण्यासारखा नव्हता. खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकायला लागला. भाऊंनी दचकून गज उचलला.

"स... सरळ," नाना म्हणाले.

मी जागच्या जागी उभी राहिले. दहा महिन्यांत त्यांच्या तोंडून ओळखू येईल असा एक शब्द निघाला नव्हता.

"सरळ," त्यांनी पुन्हा म्हटलं, जरा वैतागून, एखाद्या नवख्याला सांगावं तसं. भाऊंनी मान हलवली आणि श्वास धरून गज ओढला. मनगट तेवढं हललं. या वेळी सूर निघाला. बारीक, थरथरणारा, पण सूर. नानांचं पहिलं बोट तारेवर पडलं आणि तो एक पायरी वर चढला. मग दुसरं बोट. भाऊ गज ओढत होते, नाना बोटं टाकत होते, आणि सुरांचं अर्धं कडवं चालत चालत आमच्या खोलीत आलं. भाऊ व्हायोलिनच्या पॉलिशकडे बघत नव्हते. त्यांनी डोळे मिटले होते.

निघताना मी त्यांना लिफ्टपर्यंत सोडायला गेले. टोपी हातात फिरवत ते उभे राहिले. लिफ्ट आली, गेली.

"बाई," ते म्हणाले, "उद्या पन आलो तर चालंल का? काम काय न्हाई. आसंच."

मी हो म्हटलं. परत आले तर नाना खुर्चीतून वाकून, डाव्या हाताने औषधांचं ते स्टूल ओढून बाजूला करत होते.