लांब बाही

पाचव्या उंदराला टाके घालून डॉक्टरीणबाई मीटिंगला गेल्या. जाताना त्यांनी काकांना बजावलं की पाचही जण गुंगीतून उठेपर्यंत जागचं हलायचं नाही आणि कुणाला गार पडू द्यायचं नाही. गुंगीतला उंदीर बघता बघता थंड पडतो आणि मग उठतच नाही. काका प्रयोगशाळेतले जुने मदतनीस. त्यांच्या स्वतःच्या उठण्याची वाट बघणारं घरी तीन वर्षांपासून कुणी नव्हतं, त्यामुळे हे काम त्यांना मनापासून आवडायचं.

घोटभर चहा करावा म्हणून त्यांनी किटली लावली आणि तिथेच माशी शिंकली. पाणी जेमतेम तापलं आणि फ्यूज उडाला. उंदरांच्या डब्याखालची विजेची गादी गार पडू लागली. इलेक्ट्रिशियन फोनवर म्हणाला, तासाभरात येतो. त्याचा तास सगळ्यांच्या ओळखीचा होता.

काकांनी ते कोमट पाणी रबरी हातमोज्यांत भरलं, तोंडं बांधली आणि मोजे उंदरांच्या कुशीला ठेवले. युक्ती झकास होती. पण पहिला उंदीर शुद्धीवर आला आणि त्याने शेजारच्या मोज्याच्या करंगळीचा कडकडून चावा घेतला. डब्यात पूर आला. चौघे धडपडत उठले. पाचवा मात्र ओला, गार आणि निपचित.

खुर्चीच्या पाठीवर बायकोने विणलेला स्वेटर होता. त्याची एक बाही चार बोटं लांब. "हत्तीसाठी विणलास का?" असं काका तिला चिडवायचे आणि त्यांनी तो कधी अंगात घातला नाही. ती गेल्यावर रोज सोबत आणायचे, पण घालायचा धीर होत नव्हता. त्यांनी उंदीर कापसाने पुसला, लांब बाहीत ठेवला आणि बाही पोटाशी धरून बसले.

"ऊठ रे बाबा," ते म्हणाले. "ती गेली तेव्हा मी चहा प्यायला खाली गेलो होतो. आज कुठं जात नाही."

डॉक्टरीणबाई परतल्या तेव्हा काका बाहीशी गप्पा मारत होते आणि बाहीतून एक नाक बाहेर आलं होतं. पण नाकाचा मालक लोकर सोडेना. ओढलं तर पोटावरचे टाके उसवणार.

"आता काय करायचं, काका?"

काकांनी कात्री मागितली आणि बाही खांद्यापासून कापली. धागे उंदरांच्या पायांत अडकू नयेत म्हणून बाईंनी तिचा काठ ऑपरेशनच्या दोऱ्याने शिवला. संध्याकाळपर्यंत पाचही जण त्या बाहीत एकमेकांना चिकटून झोपले.

इलेक्ट्रिशियनचा तास दुसऱ्या दिवशी सकाळी भरला. काकांच्या अंगात स्वेटर होता.

"काका, एकच बाही?" त्याने विचारलं.

"दुसरी ड्युटीवर आहे," काका म्हणाले.