नथूकाकांचं लांब पल्ल्याचं विमान

नथू तांडेल यांच्या जीपमध्ये बसण्याआधी माणसं देवाचं नाव घेत नसत. आडोशाला जाऊन लघवी उरकून येत. नथूकाकांनी एकदा चावी फिरवली की मुक्काम येईपर्यंत जीप थांबत नसे. चहाला नाही, पानाला नाही, तसल्या कामाला तर मुळीच नाही. मागून कोणी कळवळून हाक मारली की पुढून उत्तर यायचं, "मधी उतरायचं नाय."

तेव्हा तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम चाललं होतं. काका जवळच्याच मुरब्याचे, कोळ्याच्या घरातले. पण होडी सोडून ठेकेदाराची जीप धरलेली. मी सातवीत शाळा सोडून माणदेशातून आलेला पाइप फिटर. आज कामावर आहे, उद्या असेन की नाही, या धास्तीत जगणारा. बोईसरला मला खोली मिळवून दिली ती काकांनी. पहिले काही दिवस घरून कालवण आणून दिलं तेही त्यांनीच. माझं गाव कोणतं हे मात्र त्यांनी विचारलं नाही. विचारलं, "घरी जायला किती ठिकाणी उतरावं लागतं?"

मी सांगितलं, मुंबई, पुणे, फलटण, दहिवडी. पुढे पायी.

"चार!" काका म्हणाले आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू डॉक्टरने माझी आशा सोडली होती.

या वेडाच्या मुळाशी एक विमान होतं. गोऱ्या इंजिनियरला आणायला काका सांताक्रूझला गेले, तेव्हा कुंपणापलीकडे कुणा परदेशी शेटचं खाजगी जेट उभं होतं. परतीच्या वाटेवर साहेबाने त्याची सगळी हकिगत सांगितली. साहेबाचं हिंदी अर्धं, काकांचंही अर्धं. दोन्ही मिळून विमानापुरतं पुरलं. त्यानंतर प्रत्येक खेपेला काका साहेबाकडून नवी बातमी काढत आणि जीपमध्ये बसेल त्याला ऐकवत. उठून जायची सोय नव्हतीच.

"हे तिकिटाचं विमान नाय. आठ मानसं बसनार, वेळ शेटची. पयली असली विमानं काढली ती कावळ्यागत. थोडं उडाली, बसली. इथवर यायचं तर जागोजागी तेल प्यायला उतरायची. मंग काय केलं? पंखांत तेल भरलं. पंखांच्या टोकांना टाक्या लावल्या. इंजिनं नेली शेपटीशी, आत आवाज नाय. आता नवं येतंय, ते आख्खा समिंदर एका उडीत पार करनार. आत सोफा, गरम जेवन, नि संडास बी हाय!"

संडासाशी आले की काका आरशातून मागच्यांकडे विजयाने बघत. उतरण्याचं शेवटचं निमित्तही तिथे मिटवलेलं होतं.

कँटीनमध्ये पोरं डिवचायची, "काका, तुमचं विमान मुरब्याला उतरणार ना? वाळत घातलेले बोंबील उचलून ठेवायला सांगतो."

"उतरत नाय म्हनून तं ते भारी!" काका म्हणत आणि बशीतला चहा एका घोटात संपवत.

बोलून भागलं असतं तर ठीक होतं. पण काकांनी वेल्डरला गाठून मागच्या बाकाखाली पेट्रोलची दुसरी टाकी बसवून घेतली. तिच्यातून तांब्याची नळी, नळीचा नळ स्वतःच्या पायाशी. वास इतका यायचा की साहेब नाकाला रुमाल लावून बसे. जीपमध्ये बिडी ओढायला बंदी झाली. काकांनी जीपला नाव दिलं, "लाँग रेंज".

एका सकाळी साइट ऑफिसात माझ्यासाठी गावाहून फोन आला, आई अंथरुणाला खिळलीय, लगेच निघा. मी सुपरवायझरसमोर हात जोडून उभा. रजा देईल का? नाव कापलं तर? तो म्हणाला, "जा की. पॅसेंजर मिळेल संध्याकाळी." बाहेर जीप सुरूच होती.

"काका, ही ठेकेदाराची जीप…"

"लघवी करून ये नि बस."

मासवण गेलं, मनोर गेलं. भिवंडी मागे पडल्यावर काकांनी पायाशी वाकून नळ फिरवला. "हे पंखातलं तेल," म्हणाले.

"मी आसामात होतो, ट्रकवर," घाट चढताना त्यांनी सुरू केलं. "माय पडली म्हनून निरोप आला. आधी नदी, मंग गाडी, मंग दुसरी गाडी. एक गाडी चुकली, तं फलाटावर निजलो. मुरब्याला पोचलो तं लोक तेराव्याचं जेवून हात धुवत होते."

वळणावर काकांनी गिअर बदलला.

"नि शेट एका उडीत कशाला जातो, ठावं हाय? साहेब बोलला मला. कागदावर सही करायला." स्टिअरिंगवर हात आपटून ते म्हणाले, "सही करायला, पोरा!"

पुढचं आधी सांगून टाकतो. ठेकेदाराने टाकी उचकटून काढली, पेट्रोलचोर म्हणून काकांना हाकललं. ज्यांना त्यांनी इतकी वर्षं वेळेवर पोचवलं, त्यांतलं कोणी तोंड उघडलं नाही. माझी नोकरी राहिली. काका पुन्हा होडीवर गेले. आई तिसऱ्या दिवशी गेली. पण माझ्याशी बोलून, माझ्या हातून पाणी पिऊन गेली.

त्या दिवशी दिवेलागणीला जीप आमच्या दारात उभी राहिली. मी आत धावलो. काका उतरेनात. आईने विचारलं, "बाहेर कोण हाय? त्येला आत बोलीव."

काका चपला काढून आले, उंबऱ्यात घुटमळले, मग तिच्या पायाशी बसले. आई त्यांच्याहून फार मोठी नव्हती. त्यांनी तिचे पाय दोन्ही हातांत धरले आणि जीपमध्ये मी कधी न ऐकलेल्या आवाजात म्हणाले,

"माय, मधी कुठं उतरलो नाय गो."