खोकल्याची जागा

"कॉम्प्युटर निवडायचा ना? मग एवढा विचार कसला? मी आहे ना!"

हे वाक्य कानावर पडलं, की त्या घरातली माणसं आपापल्या नाजूक वस्तू उचलून आत नेऊन ठेवत. बोलणारे गृहस्थ पाणीपुरवठ्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले. तिथे कॉम्प्युटर अडला, की तो बंद करून पुन्हा चालू करण्याची हिंमत एकट्या त्यांच्यात होती. त्यावरून त्यांचं नाव पडलं 'तज्ज्ञ', आणि मग ते घरीही चिकटलं.

या खेपेला मात्र काम खरंच नाजूक होतं. त्यांची बायको शाळेत गाणं शिकवायची. जन्मभर दुसऱ्यांच्या मुलांना गायला लावून बाई आता पहिल्यांदाच स्वतः गाणार होत्या, वाचनालयाच्या सभागृहात, एकट्या. व्हायोलिनची साथ करणारी मैत्रीण लेकीकडे दूरदेशी राहायला गेली होती. पण जाण्याआधी बाईंच्या खोलीत बसून तिने सगळ्या गाण्यांची साथ रेकॉर्ड करून दिली होती. पायाखालचं पेडल दाबलं, की कॉम्प्युटरमधून व्हायोलिन सुरू! बाई वाजवायच्या त्या कीबोर्डचा आवाजही कॉम्प्युटरमधूनच यायचा. सोय झकास होती, फक्त कॉम्प्युटर म्हातारा होता.

"मी इथे सूर दाबते, आणि तो तिथे चपला शोधायला लागतो," बाई म्हणाल्या. "अहो, असं होणार असेल तर मी नाही गाणार. चारचौघांत फजिती करून घ्यायचं वय नाही राहिलं माझं."

ते ऐकून तज्ज्ञांनी पायांत चपला सरकवल्या. त्यांनी लगेच दुकान गाठलं.

"गेम खेळायला हवाय का?" दुकानदाराने विचारलं.

"गाण्यासाठी!"

"म्हणजे कॉम्प्युटर गाणार?"

"बायको गाणार. कॉम्प्युटरने गप्प बसायचं!"

आणि तज्ज्ञांनी ओळीने प्रत्येक लॅपटॉपला कान लावायला सुरुवात केली. आतल्या पंख्याची घरघर आली, की तो नापास! "काका, छाती तपासताय का?" दुकानदार वैतागला. अखेर भरपूर मेमरीचा, तगड्या प्रोसेसरचा आणि अगदी मुकाट बसणारा एक लॅपटॉप पास झाला.

मग घरी ट्यूनिंग सुरू झालं. गाण्याच्या मध्येच अपडेट यायला नको, म्हणून अपडेट बंद. वायफाय बंद. वीज वाचवण्याची सवय बंद. आवाज बाहेर सोडण्याआधी कॉम्प्युटर तो थोडा साठवून ठेवतो. साठा मोठा झाला की उशीर होतो, फारच लहान झाला की आवाज फुटतो. तज्ज्ञांनी तो इतका लहान केला, की व्हायोलिन तापलेल्या तव्यावर पडल्यासारखं तडतडलं. मग हळूहळू वाढवत नेल्यावर ते शुद्धीवर आलं. बोट आणि सूर आता एकदम! बाई हसल्या, तसा तज्ज्ञांना आणखी चेव आला.

बाईंची बाही लागून भलतंच काही उघडू नये, म्हणून त्यांनी टचपॅड बंद केलं. मग माउस सरकवत जाऊन ब्लूटूथ बंद केलं. माउस जागीच गार पडला! तो बिनवायरचा होता, आणि त्याचा सगळा जीव त्या ब्लूटूथवर होता.

तज्ज्ञांनी आपल्या लेकीला फोन लावला.

"बाबा, घाबरू नका. कीबोर्ड आहे ना?"

"थांब, आणतो!" म्हणून ते बायकोचा कीबोर्ड, तिच्या बोटांखालून, स्टँडसकट उचलून घेऊन आले. "आणला. आता कोणता सूर दाबू?"

"बाबा, तो आधी आईला परत द्या!" लेक म्हणाली. मग तिने लॅपटॉपवरची अक्षरांची बटणं सांगितली आणि प्रकरण निभावलं.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी तज्ज्ञांनी शेवटचा हात फिरवला. सगळी रेकॉर्डिंग्ज हेडफोन लावून ऐकताना दुसऱ्या गाण्यात व्हायोलिन थांबतं तिथे, ऐन शांततेत, कुणीतरी खोकलं. "खक्!" कोण हा अडाणी? पुन्हा लावून पाहिलं. अडाणी ओळखीचा निघाला. रेकॉर्डिंग चालू असताना चहा घेऊन दाराशी गेले होते ते स्वतः! तज्ज्ञ ओशाळले आणि त्यांनी तो खोकला मुळासकट काढून टाकला. बाईंना सांगितलं नाही. म्हटलं, तेवढंच आपल्याकडून गुपचूप.

सभागृहात बाईंनी पहिलं गाणं वाजवून आवाज तपासला. उत्तम! कार्यक्रमात ते रंगलंही छान. मग दुसरं आलं. व्हायोलिन वाजलं, थांबलं. शांतता पसरली. बाई डोळे मिटून बसून राहिल्या. बसूनच राहिल्या! तेवढ्यात व्हायोलिन पुन्हा सुरू झालं, आणि गाण्याचा पत्ताच नाही.

"माफ करा हं," म्हणत बाईंनी पेडल पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. लोक कुजबुजायला लागले. बाईंचा चेहरा उतरला, आणि तो पाहून तज्ज्ञ पहिल्या रांगेतून धावत मंचावर गेले.

"काय झालं? उशीर होतोय का?"

"अहो, खोकला कुठे गेला?" बाई दबक्या आवाजात म्हणाल्या. माइक चालू होता. शेवटच्या रांगेपर्यंत ते ऐकू गेलं.

"काढला! तुझ्यासाठीच!"

"अहो, तो ऐकूनच मी गाणं उचलते! इतकी वर्षं मी गात असले, की तुम्ही दाराशी येऊन आधी खोकता. मी दचकू नये म्हणून! तो खोकला आला, की मला धीर येतो."

तज्ज्ञांनी तिथल्या तिथे खोकायला तोंड उघडलं. नेमका खोकला तेवढा येईना!

"मग आता खोका की!" मागून कुणीतरी ओरडलं. पहिल्या रांगेतल्या एका कनवाळू आजींनी घाईघाईने खोकल्याची गोळी पुढे केली आणि घाबरलेल्या तज्ज्ञांनी ती तोंडात टाकलीसुद्धा. घसा लख्ख मोकळा!

पेडल दाबलं गेलं. व्हायोलिन थांबलं. सगळं सभागृह तज्ज्ञांच्या गळ्याकडे पाहत होतं. त्यांनी डोळे मिटले. घरातलं ते दार आठवलं, हातातला गरम कप आठवला, आत एकटीच गात बसलेली ती आठवली. आणि अगदी हलकेच ते खोकले.

बाईंचा सूर असा लागला, की मैत्रिणीचं व्हायोलिन त्याला बरोबर जागेवर येऊन भेटलं. तज्ज्ञ तिथेच मंचाच्या कडेला बसून राहिले. डोळे पुसायलाही उठले नाहीत. टाळ्या थांबेनात, तेव्हा बाईंनी साथीदारांची ओळख करून दिली. "व्हायोलिनवर माझी मैत्रीण. आणि खोकल्यावर, आमचे हे!"

दुसऱ्या दिवशी तज्ज्ञ खोकला परत रेकॉर्ड करायला बसले, तर बाईंनी माइकच काढून घेतला.

"राहू दे. यापुढे तुम्हीच येत जा प्रत्येक कार्यक्रमाला."

तज्ज्ञ फुलून गेले. "म्हणजे जमला म्हणायचा!"

"जमला हो," बाई म्हणाल्या. "पण किंचित उशिरा येतो. कॉम्प्युटर झाला, आता जरा तुमचंही ट्यूनिंग करून घ्या!"